जानकीची पोटरी

आमच्या भागात फिजिओथेरपिस्ट हा शब्द कुणी उच्चारत नाही. डहाणूच्या बाजारात मला लोक ‘करंटवाल्या बाई’ म्हणून ओळखतात, कारण माझ्या खोलीत दुखऱ्या जागी विजेचा हलका झटका देणारं एक यंत्र होतं. तलासरीकडून येणाऱ्या बायका ‘मालिशवाली बाय’ म्हणत. एका ट्रक ड्रायव्हरने तर अच्छाडच्या नाक्यावरून फोन करून विचारलं होतं, की कंबरेला करंट लावायचा असेल तर ट्रक चालू ठेवूनच यायचं का. चालू कशाला, ते मला आधी कळेना. मग उमगलं, की यंत्र त्याच्याच बॅटरीवर चालवायचं असतं अशी त्याची समजूत होती.

एका धर्मादाय दवाखान्यात मी तीसएक वर्षं हे काम केलं. नरपडहून रोज रिक्षाने यायचं, दुपारी डबा खायचा, संध्याकाळी परत. काम काय, तर सर्जन आपलं काम संपवून हात धुतो तिथून माझं सुरू होतं. हाड जुळलेलं असतं, जखम भरलेली असते, टाके निघालेले असतात, आणि माणूस मात्र पलंगावरून उठून संडासापर्यंत जाऊ शकत नाही. त्याला तिथपर्यंत न्यायचं. मग दारापर्यंत, मग त्याच्या शेतापर्यंत. यात कापणं नाही, शिवणं नाही, औषध नाही. आहे ते फक्त ‘अजून एकदा’ म्हणणं. दिवसातून हे दोन शब्द मी किती वेळा म्हटले असतील त्याला गणतीच नाही. नवरा म्हणतो, मी झोपेतही म्हणते.

उंबरगावकडचे एक शेठ यायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मांडी वाळून गेलेली. एकदा त्यांनी खिशातून घडी घातलेला रंगीत कागद काढला. ‘‘बेन, मुंबईला स्टेम सेलचं इंजेक्शन देते म्हणे. मांडी पाछी भरून येते. आपल्याकडे नाय?’’

‘‘आहे ना,’’ मी म्हणाले. ‘‘तुमच्या मांडीतच आहेत. देवाने भरून पाठवल्यात.’’

‘‘मग काढा ने बाहेर.’’

‘‘त्यासाठी या खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठायचं. सकाळी दहा, संध्याकाळी दहा.’’

शेठ माझ्याकडे असं बघत राहिले, की मी दुकानातला चांगला माल मागे लपवून ठेवलाय. पण उठले. आठव्या दिवशी सांगायला लागले की बेनचं देशी इंजेक्शन चांगलं आहे.

मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं, पण ते खोटं नव्हतं. आणि हे मला नोकरीला लागले तेव्हा कळलं असतं, तर देवजीचा पाय वाचला असता.

देवजी ताडी काढणारा माणूस. माझ्या नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष असेल. ताडाच्या बुंध्याशी त्याला घोणस चावली, उजव्या पोटरीला. घोणशीचं विष रक्त पातळ करतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते मांसही मारतं. जिथे चावा पडतो तिथला स्नायू शिजवल्यासारखा होतो. देवजी जगला. पोटरीचा मेलेला भाग सर्जनने काढला, जखम भरायला दोन महिने लागले. मला सांगण्यात आलं, की आता फक्त जखमेला धक्का लागू द्यायचा नाही. मीही नवीन होते. पोटरीचा मेलेला स्नायू म्हणजे गेलेला स्नायू, त्या जागी चट्टा येणार, आपण काय करणार, अशी माझी समजूत. देवजीला दुखायचं म्हणून तो पाऊल खाली सोडून पडून राहायचा, टाच वर, चवडा खाली. मी त्याला तसं राहू दिलं. ‘‘आराम कर,’’ असं रोज सांगितलं.

दोन महिन्यांनी तो उभा राहिला तेव्हा टाच जमिनीला टेकेना. पोटरी तशीच आखडून भरली होती, आखूड आणि कडक. मग मी वर्षभर ताणत बसले, रडत बसले, काही उपयोग झाला नाही. देवजी पुन्हा कधी ताडावर चढला नाही. चवड्यावर लंगडत तो वाडीच्या राखणीला लागला. भेटला की हसून विचारायचा, ‘‘काय बाय, बरी ना?’’ त्याने मला कधी दोष दिला नाही. त्याला माहीतच नव्हतं की दोष माझा होता.

बऱ्याच वर्षांनी मुंबईत आमच्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी पॅथॉलॉजीच्या एका वयस्कर प्राध्यापिकेने आम्हाला एकेक करून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काचेवर स्नायूचा पातळ काप होता. गुलाबी गोल गोल तंतू, आणि प्रत्येकाच्या कडेला निळे ठिपके.

‘‘हे ठिपके म्हणजे केंद्रकं. जुन्या तंतूत ती कडेला असतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता काच थोडी डावीकडे सरकवा. काय दिसतं?’’

‘‘ठिपका मधोमध आहे.’’

‘‘तो तंतू नवा आहे. इथे इजा झाली होती. मेलेल्याच्या जागी हा उगवलाय.’’

मी डोळा तसाच लावून बसले. मागच्या बाईने खांद्याला हात लावला तरी उठवेना.

त्यांनी समजावलं ते इतकं साधं होतं, की मी पुढे ते हजारदा रुग्णांना सांगितलं. आईच्या पोटात बारक्या सुट्या पेशी रांगेत येतात, एकमेकींना चिकटतात, मधल्या भिंती विरघळतात आणि त्यांचा मिळून एकच लांब तंतू होतो. आपला स्नायू असा बनतो. म्हणून एकेका तंतूत ढीगभर केंद्रकं. जन्मताना जवळजवळ सगळे तंतू तयार असतात, पुढे ते नुसते जाड आणि लांब होत जातात. पण त्या बारक्या पेशींतल्या थोड्या रांगेत मिसळत नाहीत. प्रत्येक तंतूभोवती पातळ वेष्टण असतं. तंतू आणि वेष्टणाच्या फटीत त्या गप्प पडून राहतात, वर्षानुवर्षं. त्या स्नायूच्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल. तंतू फाटला, मेला, की त्यांना जाग येते. आधी रक्तातल्या सफाईवाल्या पेशी येऊन मेलेला माल उचलतात. मग या वाढतात, एकाच्या दोन, दोनाच्या चार होतात, पुन्हा एकमेकींना जुळतात आणि जुन्या वेष्टणाच्या नळीतच नवा तंतू भरतात. बाळ पोटात असताना जे झालं होतं, तेच पुन्हा. आणि त्यातल्या काही परत आपल्या फटीत जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी.

‘‘मग चट्टा का येतो?’’ मी विचारलं.

‘‘नळीच फाटली, रक्त पोचलं नाही, किंवा जखम फार मोठी असली तर जाग्या झालेल्यांना वाट सापडत नाही. मग ती जागा चट्ट्याने भरते. आणि नवा तंतू ज्या मापात ठेवाल त्या मापात वाढतो. आखूड ठेवलात तर आखूड. हलवलाच नाहीत तर दुबळा. ते काम तुमचं.’’

परतीच्या गाडीत माझ्या डोळ्यासमोर देवजीची वर राहिलेली टाच होती.

जानकी आली ती त्यानंतर खूप वर्षांनी, माझ्या निवृत्तीला तीनेक वर्षं उरली असताना. तलासरीच्या पुढे आत एका पाड्यावरची. तिशी नुकती ओलांडलेली, काटक. स्वतःचं थोडं भात, बाकीच्या दिवशी मजुरी. भातकापणी चालू होती. पेंढ्या उचलताना डाव्या पोटरीला घोणशीने धरलं. तिच्या नवऱ्याने, रघूने, वेळ अजिबात घालवला नाही. मोटारसायकलवर तिला मध्ये बसवून, मागे दिराला धरायला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सापाचं इंजेक्शन लगेच मिळालं, म्हणून जीव वाचला. पण पाय ढोपरापर्यंत फुगून काळानिळा झाला आणि तिला आमच्याकडे पाठवलं. आमच्या सर्जनने रक्त पुन्हा गोठायला लागल्याची खात्री करून फुगलेली पोटरी चिरून मोकळी केली. नाहीतर आतल्या दाबाने उरलेलं मांसही मेलं असतं.

सातव्या दिवशी त्यांनी मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. जानकीला भूल दिलेली होती.

‘‘बघा,’’ ते म्हणाले आणि चिमट्याने स्नायूला स्पर्श केला. जिवंत स्नायू चिमटा लागला की आकसतो आणि कापला की रक्त येतं. पोटरीच्या बाहेरचा मोठा भाग तसाच पडून राहिला. खालचा थर मात्र टचकन हलला. मधे दोन बोटं रुंदीची एक पट्टी होती, धड गुलाबी नाही, धड करडी नाही.

‘‘हे सगळं काढलं तर मागे उरतं काय? मी गुडघ्याखाली कापायचं म्हणतोय. कृत्रिम पाय लावला तर चालेल तरी. हा पाय ठेवला आणि ओढतच न्यावा लागला तर मी तिचं भलं केलं का?’’

‘‘पट्टी दोन दिवस ठेवाल?’’ मी विचारलं.

‘‘सडली तर?’’

‘‘सडली तर काढाल. पण तंतू मेले तरी त्यांच्या फटीतल्या पेशी जास्त तग धरतात. रक्त पोचत असेल तर तिथून भरेल. आणि खालचा थर जिवंत आहे. तेवढ्यावर मी तिला चालवेन.’’

त्यांनी हातमोजे काढले. ‘‘नक्की?’’

नक्की काहीच नव्हतं. मी ‘‘हो’’ म्हणाले.

बाहेर रघू पाय कापायच्या संमतीचा कागद हातात धरून उभा होता. त्याने अजून सही केली नव्हती. भूल उतरल्यावर त्याने तो जानकीला दाखवला. तिने वाचला नाही, विचारलं, ‘‘कापलाय?’’

‘‘नाय अजून.’’

‘‘मग कापू नको देऊ. चिखलात लाकडाचा पाय रुततो.’’

मी तिच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. ‘‘हा खाली दाब.’’ ती घामाने भिजली, ओठ चावले, आणि अंगठा माझ्या बोटावर टेकला. मुंगीने ढकलावं एवढा जोर. पण मला तेवढा पुरला. तिथल्या तिथे मी फळी मागवली, उशीने गुंडाळली आणि तिचं पाऊल काटकोनात टेकवून बांधलं. ती ओरडली. मी सोडलं नाही. दर दोन तासांनी नर्स येऊन बघायची की पाऊल फळीला टेकलंय ना. रघूला मी सांगून ठेवलं, की बायकोने कितीही विनवण्या केल्या तरी फळी काढायची नाही. तो बिचारा दोन्हीकडून शिव्या खात होता.

पट्टी सडली नाही. दोन दिवसांनी तिचा अर्धा भाग चिमट्याला हलला, अर्धा काढावा लागला. पुढे मांडीवरची कातडी काढून जखमेवर लावली. ती धरली.

जानकीला गोष्टी समजून घ्यायच्या असत. पायाखालच्या फळीकडे बघत ती एकदा म्हणाली, ‘‘बाई, मांस मेलं ते मेलं. आता रोज पाय मुरगाळून काय मिळतं तुम्हाला?’’

मी तिला झोपलेल्या पेशींचं सांगितलं. ती वाकून पायाकडे बघायला लागली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे भात पोटरीत येतं तसं. बाहेरून कायच दिसत नाय, आत कणीस भरत असतं.’’

इतकी वर्षं भाताच्या प्रदेशात राहून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, की दोन्हींना आपण पोटरीच म्हणतो. मी म्हणाले, ‘‘तसंच. पण पाणी तुटलं तर कणीस पोचट राहतं. व्यायाम हे पाणी.’’

‘‘मग द्या पाणी,’’ ती म्हणाली आणि पाऊल पुढे केलं.

ती कुबड्यांवर घरी गेली, आणि आठवड्याला एकदा शेअर जीपने येऊ लागली. पट्ट्याने पाऊल ओढायचं, टेबलाला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, पायऱ्या चढायच्या. दर वेळी मी शिंप्याच्या टेपने तिची पोटरी मोजायची आणि वहीत आकडा लिहायची. ती दर वेळी विचारायची, ‘‘वाढली?’’

दुसऱ्या वेळी नाही. तिसऱ्या वेळीही नाही. प्रत्येक ‘नाही’ला तिचा चेहरा थोडा लहान व्हायचा. चौथ्या वेळी तिने विचारलंच नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून बसली. मला भीती वाटली की ही आता सोडून देणार. मी वहीत आकडा लिहिला आणि टेप गुंडाळत म्हणाले, ‘‘अर्धं बोट वाढली ग.’’

ती वळली. कमरेच्या पिशवीतून तिने काळा दोरा काढला, त्याला एक गाठ होती. तो पोटरीभोवती फिरवला. टोक बरोबर गाठीवर आलं.

‘‘पहिल्या दिवशी तुम्ही मोजली ना, तवाच घरी जाऊन मी पण मोजून ठेवली. रोज सकाळी बघते.’’ तिने दोरा परत पिशवीत टाकला. आवाज चढवला नाही. ‘‘दोरा तेवढाच आहे, बाई.’’

मी काही बोलणार तोवर ती कुबड्या घेऊन निघाली. पुढच्या आठवड्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी वही उघडून तिचे चार आकडे बघत बसले. तीन खरे, एक खोटा. इतक्या वर्षांच्या वह्यांत मी खोटा आकडा कधी लिहिला नव्हता.

चौथ्या आठवड्यात रजा टाकली, तलासरीहून जीप धरली आणि फाट्यावर उतरून पाड्याकडे चालत निघाले. चिंचा उतरवण्याचे दिवस होते. जानकी अंगणात सासूसोबत चिंचा फोडत बसली होती, गराचा ढीग एकीकडे, चिंचोक्यांचा एकीकडे. मला बघून उठली नाही. सासूने मात्र घाईघाईने गोणपाट टाकलं.

‘‘पाणी द्या बाईंना,’’ जानकी सासूला म्हणाली. माझ्याशी नाही बोलली.

मी पाणी प्यायले. मग म्हणाले, ‘‘जानकी, मी खोटं बोलले.’’

ती चिंच सोलत राहिली. ‘‘मना माहीत आहे.’’

‘‘तू सोडून देशील म्हणून घाबरले. एका माणसाचा पाय माझ्या हातून बिघडलाय. ताडीवाला होता. तुझा तसा व्हायला नको म्हणून बोलले.’’

आता तिने वर बघितलं. देवजीचं मी तिला पहिल्यापासून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणा रुग्णाला सांगितलं. सासूही हात थांबवून ऐकत होती.

‘‘म्हणजे माझी पोटरी भरायची नाय?’’ जानकीने विचारलं.

‘‘पहिल्यासारखी नाही. जेवढं काढलं तिथे चट्टाच राहणार, दोरा कदाचित आहे तेवढाच राहील. पण उरलंय त्यात जोर येतोय का, ते दोरा नाही सांगत. मीही तेवढं सोडून नुसता टेप धरून बसले, ही माझी दुसरी चूक.’’

‘‘मग काय सांगतं?’’

‘‘उभी राहा.’’

मी तिला दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरायला लावलं. उजवा पाय उचलायला सांगितला. ‘‘आता डावी टाच वर घे. एकट्या पायावर.’’

हे तिला दवाखान्यात कधीच जमलं नव्हतं. मी दोन महिन्यांत पुन्हा करून बघितलंच नव्हतं. टाच उचललीच नाही, तर उठून निघून येण्याशिवाय माझ्याकडे काही उरलं नसतं. जानकीने श्वास धरला. चौकट करकरली, म्हणजे ती हातांनीच ओढत होती. ‘‘हात सैल सोड,’’ मी म्हणाले. तिने सोडले. पायाच्या शिरा ताठल्या. मला काही दिसेना. मी जमिनीवर गाल टेकेपर्यंत वाकले.

सासू माझ्या बाजूला येऊन बसली, तिनेही मान वाकडी केली. मग ढिगातला एक चिंचोका उचलून तिने आडवा धरला आणि सुनेच्या टाचेखाली सरकवला.

चिंचोका आत गेला.

‘‘गेला!’’ म्हातारी ओरडली. ‘‘जाने, गेला ग आत! खाली नको घेऊ, थांब, दुसरा घालते!’’

दुसरा गेला नाही. टाच टेकली, चिंचोका रुतला, जानकी ‘‘आई ग’’ करून खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडाशी धरला, मग ती रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही. मी माझं तोंड धुवायला रांजणाकडे गेले.

पुढच्या आठवड्यात ती आली. आल्या आल्या म्हणाली, ‘‘दोन जातात.’’ त्यानंतर माझ्या वहीत सेंटिमीटर बंद झाले. जानकीच्या पानावर चिंचोके लिहिलेले आहेत. आमच्या सर्जनने ते पान बघून विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं माप. मी म्हटलं, तलासरीच्या पुढच्या.

सगळं सरळ झालं असं नाही. मे महिन्यात लावलेल्या कातडीवर चपलेचा पट्टा घासून जखम झाली आणि तीन आठवडे सगळं थांबवावं लागलं. पाच चिंचोक्यांवरून ती पुन्हा तिनावर आली. त्या वर्षीची भातलावणी तिला करता आली नाही. बांधावर बसून ती रोपांच्या जुड्या मोजून देत होती आणि रघूच्या रांगा वाकड्या जातात म्हणून त्याच्यावर ओरडत होती. मला तिने फोनवर सांगितलं, ‘‘बाई, बांधावर बसणं लय वाईट. मना चिखलात उतरायचं आहे.’’ मी म्हणाले, पुढच्या वर्षी. आणि लगेच म्हणाले, बहुतेक. कारण आता तिच्याशी मापूनच बोलायचं असं मी ठरवलं होतं.

कुबड्या गेल्या, मग काठी गेली. पोटरी तशीच राहिली, आत खड्डा पडलेली, वरची कातडी चकचकीत. हातात धरली तर मात्र तिच्यात एक घट्ट दोरखंड लागायचा, जो आधी नव्हता. खालचा थर जाड झाला होता आणि त्या दोन बोटांच्या पट्टीतलं जे उरलं होतं ते त्याला येऊन मिळालं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मला तिचा काप काढता आला नसता. पण केंद्रकं कुठे असतील त्याची मला कल्पना होती.

पुढच्या आषाढात जानकीने लावणीला बोलावलं. पाऊस उघडून ढगाळ झालं होतं. चार-पाच बाया रांगेत वाकलेल्या, पाठमोऱ्या मागे सरकत लावत होत्या, मधे जानकी. लांबून मला ती ओळखूच येईना. सगळ्यांची चाल एकसारखी. मी बांधावर उभी राहून हाक मारली.

‘‘बाई, उतरा ना!’’ तिने ओरडून सांगितलं. ‘‘आम्हाला व्यायाम सांगता, आमचा व्यायाम बघा जरा!’’

बाया हसल्या. मीही चपला काढल्या, सलवार गुडघ्यावर खोचली आणि उतरले. पहिली दोन पावलं बरी पडली. तिसऱ्याला चिखलाने धरलं. टाच उचलायला गेले तर दुसरा पाय आणखी खोल. लोकांच्या पोटऱ्यांवर आयुष्य काढलेली बाई त्या चिखलात खांबासारखी उभी. मागे कलंडायला लागले तेव्हा मात्र घाबरले.

‘‘हलू नका,’’ म्हणत जानकी हातातली जुडी टाकून आली. काखेत हात घातला, एक पाय पुढे रोवला, ‘‘हं’’ केलं आणि मला उपटून काढलं. रोप उपटावं तसं. मी बांधावर जाऊन बसले.

आणि मग सवयीने माझं डोकं चालायला लागलं. ती माझ्या उजवीकडून आली होती. उजवा हात माझ्या काखेत. रोवलेला पाय...

‘‘जानकी,’’ मी हाक मारली, ‘‘मला ओढलंस ना आत्ता, कुठल्या पायावर जोर दिलास?’’

ती थांबली. वाकून स्वतःच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने लिंपलेले, एकासारखा एक.

‘‘काय म्हाईत,’’ ती म्हणाली आणि टाकलेली जुडी उचलून रांगेत गेली.